ऑडिओ शोमध्ये महागडे स्पीकर कसे ऐकावेत: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

मराठवाड्यातून मुंबईच्या ऑडिओ शोला जाणाऱ्यांची एक ठरलेली चूक असते. आत शिरायचं, जिथून दणदणीत आवाज येतोय त्या खोलीत बसायचं, भारावून जायचं आणि संध्याकाळी तिथंच टोकन देऊन मोकळं व्हायचं. महिनाभराने खोकी नांदेडला किंवा लातूरला पोचतात, स्पीकर शहाबादी फरशीच्या दहा बाय बाराच्या खोलीत लागतात आणि घुमायला लागतात. मग शिव्या स्पीकरला, नाहीतर विकणाऱ्याला.

आपल्याकडे अशा जोड्या ऐकायला मुंबई-पुणे गाठावं लागतं, त्यामुळे शो चुकवू नये हे खरंच. पण तिथं खोली, अॅम्प्लिफायर, आवाजाची पातळी आणि वाजवणाऱ्याने निवडलेलं गाणं हे सगळं मिळून जे तयार होतं ते तुमच्या कानावर पडतं. नुसता स्पीकर ऐकायला मिळतच नाही. म्हणून शोमध्ये एवढंच ठरवायचं की यादीतून कोणती जोडी काढून टाकायची. घ्यायची कोणती, ते घरी ठरेल. पुढचे टप्पे त्याच हिशोबाने लावले आहेत आणि त्यांचा क्रम मोडू नका.

## टप्पा १: आधी स्वतःची खोली मोजा

तिकीट काढण्याआधी टेप घ्या. लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये लिहा (फुटाला ०.३०५ ने गुणा). मग १७१.५ ला प्रत्येक मापाने भागा. जो आकडा येईल त्या हर्ट्झला तुमची खोली स्वतःहून घुमणार. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, तिथं ४७ हर्ट्झ. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, तिथं ५६ हर्ट्झ.

आता एक गोम बघा. खोलीची रुंदी १० फूट आणि स्लॅबही १० फुटांवर असेल तर ५६ हर्ट्झचा घुमार दोन दिशांनी एकावर एक चढतो. नव्या आरसीसी घरांत हे सर्रास दिसतं. जुन्या माळवदाच्या घरात माती-लाकडाचं छत आणि जाड ओबडधोबड भिंती असतात, तिथं टाळी मारल्यावर आवाज इतका खणखणत नाही. तुमच्या खोलीत टाळी मारून बघा. ‘टर्रर्र’ असा शेपटीसारखा प्रतिध्वनी आला तर स्पीकरच्या आधी सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांच्या कपाटाचा विचार करा.

शोमधली खोली २० फूट लांब असेल तर तिचा पहिला घुमार २८ हर्ट्झला येतो. तुमच्या १२ फुटी खोलीत तो ४७ ला येतो. एकाच स्पीकरचा बेस दोन्हीकडे सारखा लागणं शक्यच नाही.

पुढे या तीन गोष्टी लिहून ठेवा:

- स्पीकर मागच्या भिंतीपासून जास्तीत जास्त किती पुढे आणता येईल. दिवाण, दार आणि येण्याजाण्याची वाट धरून खरा आकडा लिहा. शोमध्ये तो मीटर-दीड मीटर पुढे असतो, आपल्याकडे बऱ्याचदा फूटभर. भिंतीलगत बेस फुगतो, कोपऱ्यात आणखी फुगतो.
- तुम्ही रोज किती मोठ्याने ऐकता. फोनवर डेसिबल मोजणारं अॅप टाका, बसायच्या जागी धरा, नेहमीचं गाणं लावा. बहुतेक घरांत ७० ते ७५ येतं.
- गाणं बंद असताना किती गोंगाट आहे. एप्रिल-मेमध्ये कूलर चालू ठेवूनच मोजा. कूलरखाली तानपुऱ्याचे बारीक स्वर बुडत असतील तर त्या बारकाव्यांसाठी वरचे दोन लाख कशाला मोजायचे, हा प्रश्न इथंच स्वतःला विचारा.

सावध: फोनचं अॅप दोन-चार डेसिबलने चुकतं. चालेल. मात्र घरी आणि शोमध्ये फोन तोच, अॅप तेच, सेटिंगही तेच हवं.

## टप्पा २: वाजवायचे तुकडे निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण बहुतेक जण रिकाम्या हाताने जातात. मग समोरचा माणूस त्याच्याकडचं गाणं लावतो: एक बाई, एक गिटार, मागे शांतता. असल्या ध्वनिमुद्रणावर कुठलाही स्पीकर गोडच लागतो. त्याचं ते कामच आहे, त्याला दोष नाही. तुम्ही तयारी न करता गेलात हा दोष तुमचा.

पाच-सहा तुकडे पुरे. प्रत्येकाला एक काम नेमून द्या.

तानपुरा आणि पुरुष गायकाचा विलंबित ख्याल. गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा आणि तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ ची. तारेच्या जवारीतून वरचे स्वर एकेक सुटे उमटायला हवेत. भरड ट्वीटरवर (स्पीकरमधला वरचे स्वर काढणारा छोटा भाग) ते सगळे मिळून नुसता ‘झिस्स’ होतो. एक सापळा मात्र ओळखून ठेवा. मूळ स्वर स्पीकरने काढलाच नाही तरी वरच्या स्वरांवरून आपला कान तो भरून काढतो. म्हणून ‘खर्ज ऐकू आला, म्हणजे बेस खोल आहे’ असा निष्कर्ष काढू नका.

जवळून माइकवर घेतलेला एकट्या बाईचा मराठी आवाज. भावगीत, अभंग, अगदी नुसतं कवितावाचनही चालेल. मराठीच घ्या, कारण ‘चूल’मधला च आणि ‘चहा’मधला च यांतला फरक आपला कान झोपेतही ओळखतो. तो फरक पुसट झाला किंवा प्रत्येक ‘स’ कानाला टोचला, तर गडबड वरच्या पट्टीत आहे. इंग्रजी गाण्यावर हे पटकन कळत नाही.

तबला. दायाँवरच्या ‘ना’ची चाट आणि बायाँची घुमारी. घुमारी सुरू कशी होते याहून थांबते कशी, तिकडे लक्ष ठेवा.

भजनी मंडळ, टाळ-मृदंगासह. दहा-वीस टाळ एकदम वाजतात तेव्हा भल्याभल्या ट्वीटरची परीक्षा होते. त्यात माणसांचे आवाज वेगवेगळे राहतात का? पैठणच्या षष्ठीला तुम्ही फोनवर घेतलेलं दिंडीचं रेकॉर्डिंग इथं आणू नका. फोन आवाज आपोआप दाबतो आणि उचलतो, त्यावरून स्पीकरबद्दल काहीच कळत नाही.

संबळ किंवा हलगी, नीट ध्वनिमुद्रित केलेली. अचानक येणाऱ्या घावासाठी.

एक जुनं मोनो ध्वनिमुद्रण, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो ते. पन्नाशीच्या दशकातलं नाट्यपद असेल तर उत्तम. ते कशासाठी, ते सहाव्या टप्प्यात येईल.

फाइल सीडीवरून काढलेली किंवा विकत घेतलेली फ्लॅक वा वेव्ह (आवाजातलं काही न गाळणारी) हवी. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ पुरेसं आहे. एमपी३ला फ्लॅकमध्ये बदलून गेलेलं परत येत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेली गाणी तर नकोच. पेनड्राइव्हवर या फाइलींशिवाय काहीही ठेवू नका, व्हायरसच्या भीतीने बरेच जण पेनड्राइव्ह लावूच देत नाहीत. म्हणून त्याच तुकड्यांची एक सीडी जवळ असू द्या आणि स्ट्रीमिंगवर कोणते मिळतात तेही पाहून ठेवा.

प्रत्येक गाण्यातला चाळीसेक सेकंदांचा भाग वेळेसकट कागदावर लिहा: ‘२:१० ते २:५०, दुसरं आवर्तन’. आवाजाच्या बारकाव्यांची आठवण फार थोडा वेळ टिकते. पाच मिनिटांचं गाणं संपेपर्यंत पहिल्या मिनिटाचं काही हाती राहत नाही.

तपासा: निघण्याआधी आठवडाभर हे तुकडे बऱ्या हेडफोनवर ऐका. गायकाने श्वास कुठे घेतला हे न बघता सांगता आलं, तर तयारी झाली.

## टप्पा ३: प्रवास आणि कान

देवगिरीने रात्रभर डब्यात खडखडाट सोसत सकाळी मुंबईत उतरायचं आणि तसंच शोमध्ये जायचं, हा बेत वाईट. थकलेल्या कानाला सगळंच कर्कश लागतं. आदल्या दिवशी तपोवनने किंवा वंदे भारतने जा आणि रात्री झोपा. रात्रीच्या गाडीला पर्याय नसेल तर कानात बोळे घाला आणि पहिल्या दिवशी दुपारनंतरच ऐकायला बसा.

कान भरल्यासारखा वाटत असेल तर आठवडाभर आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा, काडीने कोरू नका. सर्दी असेल तर शो बघा, निर्णय घेऊ नका. आणि आदल्या रात्री कुणाच्या वरातीत डीजेसमोर नाचून येऊ नका, हे सांगायला नको. तरी सांगतो.

## टप्पा ४: पहिली फेरी, न बसता

पहिल्या दिवसाचा पहिला तास कुठल्याही जोडीला न्याय देणारा नसतो. मांडणी चालू असते, स्पीकर इंच-इंच सरकवले जात असतात. हा वेळ फिरण्यात घालवा आणि प्रत्येक दारात उभं राहून एवढं बघा:

- स्पीकर भिंतीपासून किती दूर आहेत?
- कोपऱ्यांत, भिंतींवर ध्वनी शोषणारे पॅनल किती आहेत? तेही तुम्ही ऐकणार आहात.
- अॅम्प्लिफायर कोणता? स्पीकर तीन लाखांचा आणि अॅम्प दहा लाखांचा असेल तर तशी नोंद करा.
- स्पीकरची जात कोणती? मॅग्नेपॅनसारखे सपाट पॅनल पुढे-मागे दोन्हीकडे आवाज टाकतात, त्यांना पाठीमागे मोकळी जागा लागते. क्लिपशॉर्न उलट, तो कोपऱ्यासाठीच बनवलेला आहे. तुमच्या मापात बसणार नाहीत ते मौजेसाठी ऐका, पण यादीत घेऊ नका.

या फेरीतून चार, फार तर पाच खोल्या निवडा. वीस खोल्या ‘ऐकल्या’ म्हणणाऱ्याने एकही ऐकलेली नसते.

सावध: किंमतीचा कागद आत्ता वाचू नका. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये केलेल्या प्रयोगात स्पीकर डोळ्यांना दिसले की ऐकणाऱ्यांचे गुण बदलले होते. अनुभवी ऐकणारेही त्यातून सुटले नाहीत. सोबत कुणी असेल तर किंमती त्यांना टिपू द्या आणि तुम्हाला शेवटी सांगू द्या.

## टप्पा ५: खुर्ची आणि आवाजाची पातळी

मधली खुर्ची मिळेपर्यंत थांबा. कान ट्वीटरच्या उंचीवर यायला हवेत आणि दोन स्पीकर व तुम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हायला हवा. मागच्या भिंतीला टेकलेल्या खुर्चीत बेस फुगलेला ऐकू येतो. खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर उलट होतं, तिथं पहिल्या घुमाराचा स्वर जवळपास नाहीसा होतो. शंका आली तर बेसचा तुकडा चालू असताना मागून पुढे चालत या. पावलागणिक बेस बदलत असेल तर तो खोलीचा खेळ आहे. त्यावरून स्पीकरला नापासही करू नका आणि पासही करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन जोड्यांमध्ये एखाद्या डेसिबलचा फरक असेल तर कान ‘ही मोठ्याने वाजते’ असं सांगत नाही, ‘ही चांगली आहे’ असं सांगतो. शिवाय हळू आवाजात आपल्याला बेस कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. शोमध्ये ८५-९० च्या वर वाजणारा भरघोस बेस घरी ७२ वर निम्मा उरल्यासारखा वाटतो तो यामुळे. म्हणून प्रत्येक खोलीत आवाज घरच्या पातळीवर आणून घ्यायचा. गाण्याचा तोच तुकडा, तोच फोन, ७५ च्या आसपास.

मागायला लाजू नका. गर्दी कमी असेल तेव्हा जा आणि सरळ सांगा: “दादा, माझ्याकडे तीन छोटे तुकडे आहेत, मिळून दोन-अडीच मिनिटांचे. ते लावता का? आणि आवाज थोडा कमी ठेवा, मी घरी एवढ्यावरच ऐकतो.” तुकडे छोटे आहेत हे आधी सांगितलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. आख्खा अर्ध्या तासाचा ख्याल मागाल तर मागच्या रांगेतले लोक तुम्हाला उठवतील. उठवावंच त्यांनी.

आवाज कमी करायला साफ नकार मिळाला तर त्या खोलीबद्दल ‘ठरवता आलं नाही’ एवढंच लिहा आणि पुढे चला.

कानाची मर्यादा: अमेरिकेच्या नायोश या संस्थेच्या निकषाप्रमाणे ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही हद्द आहे आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ती निम्मी होते. ९४ ला १ तास, १०० ला १५ मिनिटं. खोल्यांच्या मधे शांत जिन्यात दहा-पंधरा मिनिटं बसा.

## टप्पा ६: ऐकण्याचा क्रम

हळू आणि साधं आधी, दणका शेवटी. उलट केलंत तर दणक्यानंतर कान बारीक फरक पकडत नाही.

पहिला: एकट्या बाईचा आवाज. डोळे मिटा. बाई समोर बसून गातेय असं वाटतं, की हंडीत तोंड घालून? नाकातून आल्यासारखा, छातीत अडकल्यासारखा, पातळ, काहीही खटकलं तर लगेच लिहा. माणसाच्या आवाजाशी ओळख जन्माची असते, म्हणून या कसोटीवर सगळ्यात जास्त विसंबता येतं.

दुसरा: मोनो. जुनं नाट्यपद लावा. दोन्ही स्पीकरमधून एकच गोष्ट येत असल्याने आवाज बरोबर मधे, एका ठिकाणी उभा राहायला हवा. तो पसरला, किंवा वरच्या पट्टीत गेल्यावर डावीकडे सरकला, तर जोडी नीट जुळलेली नाही किंवा मांडणी वाकडी आहे. कोणतं ते विचारा. मांडणी असेल तर ते सरळ करून देतात.

तिसरा: जागा बदला. एक खुर्ची बाजूला सरका, मग उभे राहा. घरी मधल्या जागेवर तुम्ही असाल आणि बाकीचं कुटुंब सोफ्याच्या टोकांना. बाजूला सरकताच गाणं मंद पडत असेल तर ती जोडी एकट्याने ऐकणाऱ्याची. इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनल (विजेच्या भाराने हलणारा पातळ पडदा) आणि काही हॉर्न (भोंग्याचे स्पीकर) यांची ऐकण्याची जागा मुळातच अरुंद असते. केईएफ कंपनीच्या युनि-क्यू रचनेत ट्वीटर वूफरच्या (खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या भागाच्या) मध्यभागी बसवलेला असतो, अशा रचनेत उठलं-बसलं तरी फरक कमी पडतो.

चौथा: टाळ, मग पाचवा: तबला. टाळ-मृदंगात डोकं दुखायला लागतंय का, एवढंच पाहा. तबल्यात बायाँची प्रत्येक घुमारी एकाच सुरात ‘बुंम’ होत असेल तर बहुधा खोली बोलतेय. बोटाच्या दाबाने सूर वर-खाली होताना ऐकू येत असेल तर ठीक.

सहावा: हलगी, आणि आवाज आता वाढवायला सांगा. घाव वाढत जातो तसा आवाज नुसता मोठा होतोय की कर्कश आणि दाबलेला?

यातलं काय घरापर्यंत येतं आणि काय येत नाही, हे ओळखणं हाच या सगळ्या खटाटोपाचा मुद्दा. हळू आवाजातही टोचणारा ‘स’, नाकातला सूर, बाजूला सरकताच मरणारं गाणं, जोर दिल्यावर चिरकणं हे दोष बहुतेक वेळा घरीही तसेच राहतात. त्यावर नाव खोडा. घुमणारा बेस, कमी पडलेला बेस, भिंतीपलीकडे पसरलेला भव्य पट यांतलं बरंच त्या खोलीचं असतं. त्यावर नाव खोडू नका आणि त्यावर भाळूही नका.

तपासा: शेजारच्याने “काय बेस आहे हो!” म्हणण्याआधी तुमची नोंद कागदावर आली का? दुसऱ्याचं मत कानात शिरलं की आपलं शोधून सापडत नाही.

## टप्पा ७: दुसरी फेरी

उरलेल्या दोन-तीन खोल्यांत दुसऱ्या दिवशी सकाळी, कान ताजे असताना, उलट क्रमाने जा. तेच तुकडे, तीच पातळी. कालच्या नोंदी ऐकून झाल्यावर उघडा. दोन्ही दिवशी एकच तक्रार लिहिली गेली असेल तर ती खरी समजा.

## टप्पा ८: आता प्रश्न आणि भाव

किंमत आत्ता बघा. सोबत हे विचारा:

- सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठ्याने वाजतो, ती किती? ३ डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट. ९२ च्या जागी ८६ ची जोडी घेतली तर चौपट. तुमचा अॅम्प ५० वॅटचा असेल तर हे गणित तिथंच उभ्याउभ्या करा.
- इम्पिडन्स, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, सगळ्यात खाली किती उतरतो? कागदावर ८ ओहम लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात काही सुरांना ते ४ च्या खाली जातं.
- पोर्ट (पेटीतलं हवा जायचं भोक) मागे आहे की पुढे? फूटभर जागा असेल तर हा प्रश्न पहिला. बोळा घालून पोर्ट बंद करता येतो का, तेही विचारा.
- स्टँड किंमतीत धरले आहेत का? केबलची चर्चा सुरू झाली की हसून पुढच्या प्रश्नावर जा. साधी जाड तांब्याची तार पुरते.
- ड्रायव्हर (ट्वीटर किंवा वूफरसारखा आवाज काढणारा भाग) गेला तर सुटा मिळतो का, किती दिवसांत?

डेमोची जोडी स्वस्तात देऊ केली तर मोह होतोच. वूफरचा शंकूसारखा पडदा, पेटीच्या कडा, मागची टर्मिनल (तार जोडायची जागा) उजेडात बघा आणि वॉरंटी कुठल्या तारखेपासून धरणार ते विचारा.

टोकन त्या संध्याकाळी देऊ नका. ‘शोची ऑफर आजच संपते’ हे वाक्य ऐकायला मिळेल. भाव जीएसटीसकट लिहून मागा आणि किती दिवस टिकेल त्याची तारीख त्यावर घ्या. नंतर घरी ऐकायची सोय विचारा. मुंबईकरांना ती सहज मिळते, पण परभणी-बीड म्हटलं की समोरचा विचारात पडतो. तेव्हा जाण्यायेण्याचं भाडं तुम्ही द्यायची तयारी दाखवा, वाटेत मोडतोड झाली तर जबाबदारी कुणाची हे लिहून घ्या आणि निदान आठवडा मागा.

जोडी घरी आली की आधी अर्थिंग तपासून घ्या, मगच अॅम्प लावा. पहिले दोन दिवस स्पीकर चार-चार बोटं पुढे-मागे सरकवत तेच तुकडे त्याच ७५ वर ऐका, कूलर लावून आणि बंद करून. मुदत संपेपर्यंत खोकी आणि थर्माकोल माळ्यावर जपून ठेवा. मूळ पॅकिंग नसेल तर ट्रान्सपोर्टवाला माल परत घ्यायला कुरकुरतो आणि दुकानदारालाही नाही म्हणायला निमित्त मिळतं.